पर्थमध्ये पाऊस नेमका कधी पडतो, आणि पाच हजार लिटरच्या टाकीवर उन्हाळा निघेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला येऊन काही महिने झालेत, घर घेतलंय, घरात चौघं आहेत आणि मागे पन्नासेक चौरस मीटरची हिरवळ आहे. पर्थचा वार्षिक पाऊस ७३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच, असं वाचलंय. तेव्हा छताचं पाणी साठवायला पाच हजार लिटरची टाकी बसवली, तर उन्हाळ्यात बागेचं भागेल का? आणि आईबाबांना इथे बोलवायचं तर पावसाचा त्रास कोणत्या महिन्यांत नसतो?

पर्थमध्ये घरांच्या छतावरच्या पाण्याची आखणी करणं हे माझं रोजचं काम आहे: पन्हळी, टाक्या, शोषखड्डे. पुण्याशी तुलना करून घेतलेला हा हिशोब मी आपल्या मंडळींकडून वारंवार ऐकते. तुमचा आकडा बरोबर आहे. मात्र त्या एका आकड्यावरून टाकी ठरवू नका. इथे खरा प्रश्न पाऊस किती पडतो हा नाही. पाणी आकाशातून येण्याचे महिने आणि बागेला पाणी लागण्याचे महिने एकमेकांपासून फार लांब आहेत. टाकी, बाग, शोषखड्डा यांबद्दलचे सगळे निर्णय या अंतरावर अवलंबून असतात.

आधी पाऊस. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत वर्षातला तीन चतुर्थांशाहून जास्त पाऊस पडून जातो. जून, जुलै, ऑगस्ट हे मुख्य महिने, त्यांतही जुलैमध्ये १४० मिलिमीटरच्या पुढे. ऑक्टोबरपासून तो झपाट्याने उतरतो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांची सरासरी मिळून एका चांगल्या जुलैच्या तिसऱ्या हिश्शालाही पोहोचत नाही. कॅलेंडरवर हे पुण्यासारखंच दिसतं, कारण तिथेही पाऊस जून ते सप्टेंबरच. तुम्ही जुलैत घरी फोन लावाल तेव्हा दोन्हीकडे पाऊस असेल. फरक इतकाच, की तिकडे तो तापलेल्या उन्हाळ्यावर उतारा म्हणून येतो आणि इथे ऐन थंडीत. जुलैत पर्थचं दिवसाचं तापमान अठरा-एकोणीस अंशांपर्यंत आणि रात्री आठच्या आसपास असतं.

यामागचं कारण समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. आपला मोसमी पाऊस जमीन तापल्यावर समुद्रावरून आत ओढल्या जाणाऱ्या वाऱ्यांचा. पर्थचा पाऊस दक्षिणेकडून येतो. पृथ्वीभोवती तिशीच्या अक्षांशांच्या आसपास जास्त दाबाचा एक पट्टा असतो. त्याच्याखाली हवा वरून खाली बसत राहते, त्यामुळे ढग वाढत नाहीत. उन्हाळ्यात हा पट्टा दक्षिणेला सरकून पर्थला झाकतो आणि दक्षिण महासागरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे थंड हवेचे पट्टे शहराच्या दक्षिणेकडूनच निघून जातात. हिवाळ्यात पट्टा उत्तरेला सरकतो, वाट मोकळी होते आणि ते किनाऱ्यावर येऊन आदळतात. केप टाऊन, सांतियागो, लॉस एंजेलिस, तेल अवीव या सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकाने हेच आहे: उन्हाळा कोरडा, हिवाळा ओला.

म्हणून पावसाची चालही वेगळी. तीन-तीन दिवसांची झड इथे क्वचितच लागते. आधी वायव्येचा वारा सुटतो, आकाश भरून येतं, दोन-तीन तास जोराचा पाऊस होतो. मग वारा फिरून नैर्ऋत्येकडून वाहायला लागतो, हवा एकदम थंड होते, तुटक सरी येत राहतात, आणि पुढे दोन-चार दिवस लख्ख ऊन. आठवड्याला एखादा असा फेरा आला की हिवाळा नीट चाललाय असं समजा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पर्थचे ‘पावसाचे दिवस’ भरपूर दिसतील, पण तो आकडा पुण्याच्या आकड्याशेजारी ठेवू नका. इथे ०.२ मिलिमीटर पडला तरी तो दिवस मोजला जातो. भारतीय हवामान खातं २.५ मिलिमीटरपासून पुढच्याच दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं.

आता ऋतूंचा क्रम पाहा, कारण बागेचं सगळं त्यातच आहे. पुण्यात कडक उन्हाळा, मग पाऊस, मग थंडी. पाऊस संपतो तेव्हा जमीन ओली असते आणि पुढचे महिने थंड असतात, म्हणून ती ओल टिकते. रब्बीचा हरभरा आणि ज्वारी याच भरवशावर उभी राहतात. पर्थमध्ये थंडीतच पाऊस, मग दोन-अडीच महिन्यांचा सुंदर वसंत, आणि त्यानंतर थेट कोरडा उन्हाळा. पावसाची ओल ज्या महिन्यांसाठी हवी, ते महिनेच ती ओल उडवून टाकतात. जानेवारीत उघड्या पाण्याची वाफ रोज आठ-दहा मिलिमीटरने होते, जुलैत दोनच्या आसपास. वर्षभराची बेरीज केली तर पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून जास्त पाणी उडून जाण्याची ताकद या हवेत आहे.

इथल्या मूळ नूंगार लोकांनी वर्षाचे सहा ऋतू पाडले आहेत. डिसेंबर-जानेवारीचा बिराक, फेब्रुवारी-मार्चचा बुनुरू, एप्रिल-मेचा जेरान, जून-जुलैचा मकुरू, ऑगस्ट-सप्टेंबरचा जिल्बा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा कंबारांग. युरोपीय चार ऋतूंपेक्षा हे वर्ष या जमिनीला कितीतरी नेमकं बसतं. बिराक कोरडा आणि तापता, बुनुरू सर्वांत तप्त, जेरानमध्ये हवा निवायला लागते, मकुरू थंड आणि सर्वांत ओला. आपल्याला सहा ऋतूंची सवय आहेच. बागकामासाठी माझा आग्रह असतो की हे सहा शिकून घ्या.

आता टाकीचा हिशोब. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सगळं छत टाकीला जोडता येत नाही, कारण पन्हळींचे उतार वेगवेगळ्या कोपऱ्यांकडे असतात. तुमचं शंभर चौरस मीटर जोडलं जाईल असं धरते. जुलैच्या १४० मिलिमीटरमध्ये गळती आणि पहिलं घाण पाणी वगळून बारा हजार लिटर सहज मिळतात. म्हणजे रिकामी टाकी साधारण दोन आठवड्यांत भरते, आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंतचं सगळं पाणी वाहून जातं.

मग उन्हाळा. इथल्या वाळूवर हिरवळीला एका वेळी दहा मिलिमीटर पाणी द्यायचा सल्ला असतो, आणि नळाच्या पाण्यावरचे फवारे आठवड्यातून ठरलेले दोनच दिवस चालवता येतात, तेही घराच्या क्रमांकानुसार. तुमच्या पन्नास चौरस मीटरला एका वेळी ५०० लिटर, आठवड्याला एक हजार. ऑक्टोबरच्या मध्यावर टाकी काठोकाठ असली तरी पाच आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबरच्या विशीत, ती संपते. खरा उन्हाळा तेव्हा सुरूही झालेला नसतो. नंतर एप्रिलपर्यंत ती भरेल असा पाऊस नाही. मेच्या मध्यापर्यंत निभवायचं तर तीस हजार लिटर साठवावे लागतील. तेवढी जागा शहरातल्या नेहमीच्या प्लॉटवर नसते, आणि असली तरी हिरवळीसाठी ती अडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा टाकी बसवूच नये का? बसवा, पण बागेसाठी नको, घरासाठी. संडासाचे फ्लश आणि कपडे धुण्याचं मशीन तिला जोडा. चौघांचे फ्लश दिवसाला ऐंशी लिटरच्या आसपास, आठवड्याला पाचेक धुणी धरली तर आणखी पन्नास. रोजचे १३० लिटर. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत हे तेवीस हजार लिटरच्या पुढे जातं, आणि सप्टेंबरपर्यंत टाकी वापराच्या वेगापेक्षा जास्त वेगाने भरत राहते. तीच टाकी बागेला जोडली तर वर्षाला जेमतेम एकदा रिकामी होईल, घराला जोडली तर पाच-सहा टाक्यांचं काम करेल. अशा वापराला पाच हजारांचीही गरज नाही, तीन हजार लिटरची बहुधा पुरते. ज्या गावात पाऊस आणि तहान वेगवेगळ्या महिन्यांत येतात, तिथे टाकी किती मोठी यापेक्षा ती किती वेळा भरते आणि रिकामी होते याला महत्त्व आहे.

जोडणी परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. टाकीचं पाणी नळाच्या पाण्यात उलटं शिरू नये अशी झडप लागते, आणि टाकी संपली की आपोआप नळाच्या पाण्यावर जाणारी व्यवस्था हवी. हे पाणी पिऊ नका, नळ असताना आरोग्य खात्याचा सल्लाही तोच आहे. टाकीच्या तोंडाशी पहिलं पाणी बाजूला काढणारा पाइप बसवायला विसरू नका. सहा महिन्यांची धूळ, पक्ष्यांची घाण आणि समुद्राकडून आलेलं मीठ पहिल्या सरीबरोबर खाली येतं.

आता जे तुमच्या घराच्या जागेवर अवलंबून आहे ते. तुम्ही उपनगर सांगितलेलं नाही, आणि पर्थमध्ये त्यावर पुष्कळ काही ठरतं. किनाऱ्यालगतचा आणि मधला बराचसा भाग वाळूचा आहे. तिथे छताचं जास्तीचं पाणी रस्त्यावर सोडत नाहीत, अंगणातल्या शोषखड्ड्यांत सोडतात. इथे त्याला सोकवेल म्हणतात: जमिनीत पुरलेलं भोकं असलेलं काँक्रीटचं किंवा प्लॅस्टिकचं पिंप. वाळू ते पाणी पिऊन टाकते आणि ते खालच्या उथळ भूजलात जाऊन मिळतं. त्याच भूजलावर इथल्या असंख्य घरांच्या बोअर चालतात. माझ्या मते पर्थची खरी टाकी ही पायाखालची वाळूच आहे. म्हणून ग्राहकाला टाकी परवडत नसेल तर मी सांगते, शोषखड्डे नीट ठेवा, तुम्ही पाणी वाया घालवत नाही आहात.

पण घर पूर्वेला गिल्डफर्ड, मिडलंडच्या बाजूला असेल तर तिथे चिकणमाती लागते. तिथे शोषखड्डा भरला की भरलेलाच राहतो, हिवाळ्यात अंगणात तळं होतं, आणि पाणी पाइपने नगरपालिकेच्या गटारात न्यावं लागतं. डार्लिंगच्या टेकड्यांवर घर असेल तर पाऊसच वेगळा: ढग चढावर उचलले जातात, आणि कॅलामुंडासारख्या ठिकाणी वार्षिक सरासरी हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. सगळ्या महानगराला एकच ७३० लावू नका.

वाळूची आणखी एक खोड आहे, आणि ती नव्याने आलेल्यांना फार गोंधळात टाकते. कोरड्या उन्हाळ्यानंतर इथली वाळू पाणी नाकारते. कुजलेल्या पानांमधले मेणासारखे पदार्थ वाळूच्या कणांवर बसतात, आणि एप्रिल-मेच्या पहिल्या सरीचं पाणी वरून घरंगळून जातं. बोट खुपसून पाहा, वर चकचकीत ओल आणि दोन बोटं खाली कोरडी पूड. याला दोन उपाय लागतात. लगेचचा उपाय म्हणजे ओलावा आत जायला मदत करणारं द्रावण, कोणत्याही नर्सरीत मिळतं. कायमचा उपाय म्हणजे दरवर्षी भरपूर कंपोस्ट, जमल्यास थोडी चिकणमाती मिसळणं, आणि वर जाडसर लाकडी तुकड्यांचं आच्छादन. बारीक भुश्याचं आच्छादन घालू नका, ते पाणी स्वतःच पिऊन बसतं.

लागवडीचा मोसमही याच कारणाने उलटा. आपल्याकडे मृगाचा पाऊस आला की रोप लावायचं, पुढे ऊब असतेच. इथे झाड किंवा झुडूप लावायचं तर एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, जमीन अजून कोमट असताना आणि पुढे चार महिने फुकटचं पाणी असताना. तोवर मुळं खोल जातात. नोव्हेंबरमध्ये लावलेलं झाड पहिल्याच उन्हाळ्यात तुमच्या बादलीवर जगतं. मेथी, पालक, कोथिंबीर एप्रिल-मेमध्ये पेरा, हिवाळाभर जवळजवळ पाणी न घालता खाल. डिसेंबरात कोथिंबीर लावली की ती आठवड्या-दोन आठवड्यांत फुलावर जाते. कढीपत्ता हिवाळ्यात पानं टाकून सुस्त बसतो, तेव्हा घाबरून त्याला पाणी घालू नका. थंड आणि ओली वाळू त्याच्या मुळांना कुजवते. १ जून ते ३१ ऑगस्ट फवाऱ्यांवर बंदी असते, तेव्हा त्यांचा टायमर बंद करायचा हेही लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही, पण मला मनापासून महत्त्वाची वाटते. ७३० हा आकडा अलीकडच्या दशकांचा आहे. जुन्या नोंदींत पर्थची सरासरी याहून बरीच जास्त होती. १९७० नंतर नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाचा थंडीतला पाऊस घटत गेला आहे: एप्रिल ते ऑक्टोबरचा सुमारे सोळा टक्क्यांनी, आणि त्यातही मे ते जुलैचा सुमारे वीस टक्क्यांनी. ते थंड पट्टे आता जास्त वेळा दक्षिणेकडूनच निघून जातात. हवामानबदलाचा त्यात वाटा आहे, याबद्दल इथल्या शास्त्रज्ञांमध्ये फारसा वाद नाही.

वीस टक्के ऐकायला कमी वाटतात. पण धरणांत येणारं पाणी त्याच काळात ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटलं. कोरडी पडलेली जमीन आणि जंगल आधी आपली तहान भागवतात, मग उरलं तर ओढ्यात येतं. घट पहिल्या पावसात झाली, की जमीन भिजण्यातच निम्मा मोसम जातो. म्हणूनच या शहराने धरणांवरचा भरवसा सोडला. २००६ साली क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, २०११ मध्ये बिनिंगअपचा. शुद्ध केलेलं सांडपाणी पुन्हा खोल भूजलात भरण्याचं काम २०१७ पासून चालू आहे. तुमच्या नळाचं बहुतेक पाणी आज समुद्रातून आणि जमिनीखालून येतं. २०१० साल पर्थच्या नोंदीतलं सर्वांत कोरडं, पाचशे मिलिमीटरच्या आसपास. २०२३-२४ चा उन्हाळा इतका लांबला आणि कोरडा गेला, की किनाऱ्यावरची आणि जंगलातली हिरवी झाडं उभ्याउभ्या तपकिरी झाली. म्हणून मी टाकीचा आराखडा सरासरीवर कधीच करत नाही, पाचशे मिलिमीटर धरूनच करते. वरचा तेवीस हजारांचा हिशोब त्याही वर्षी थोड्या घटीने टिकतो. बागेचा हिशोब मात्र चांगल्या वर्षीही टिकत नाही.

कोरड्या उन्हाळ्यालाही अपवाद असतो, आणि तो मोठा असतो. पर्थमधला एका दिवसातला सर्वाधिक पाऊस कोणत्याही जुलैचा नाही. तो ९ फेब्रुवारी १९९२ चा आहे, १२०.६ मिलिमीटर. उत्तरेच्या उष्ण समुद्रातून आलेली दमट हवा कधीमधी इथवर पोहोचते आणि हिवाळ्यातला महिन्याभराचा पाऊस एका दिवसात टाकून जाते. २२ मार्च २०१० च्या गारपिटीने तर शहराच्या गाड्यांचं आणि छतांचं प्रचंड नुकसान केलं. याचा तुमच्याशी संबंध असा, की गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीची, झाडं उन्हाळ्यातच साल आणि पानं टाकतात. म्हणजे पन्हळी सर्वांत तुंबलेल्या असतात तेव्हाच असा पाऊस येऊ शकतो. तुंबलेली पन्हळ मागच्या बाजूने वाहते आणि पाणी भिंतीत उतरतं. वर्षातून दोनदा साफ करा: एकदा डिसेंबरच्या सुरुवातीला आणि एकदा एप्रिलमध्ये. शेतकरी इथे पेरणीच्या पावसाची वाट २५ एप्रिलच्या ॲन्झॅक दिनाच्या सुमारास पाहतात. तीच तारीख पन्हळी आणि शोषखड्ड्यांचा गाळ काढण्यासाठी धरा.

आईबाबांचं सोपं आहे. सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत छान. किंग्ज पार्कमध्ये रानफुलं फुललेली असतात, पाऊस ओसरलेला असतो, ऊन सोसवतं, आणि दिवाळीही एकत्र होते. दुसरा पर्याय मार्चचा शेवट ते एप्रिल: वारा शांत, दिवस उबदार. जून-जुलै टाळा, पावसामुळे नाही, तर घरांमुळे. इथली जुनी घरं आतून फार थंड असतात, आणि पुण्याहून आलेल्या वयस्क माणसांना त्या गारठ्याचा बाहेरच्या पावसापेक्षा जास्त त्रास होतो. जानेवारी-फेब्रुवारीत चाळिशी गाठणारे दिवस येतात. दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा, ज्याला इथे ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, तो किनाऱ्याजवळच्या घरांना तारतो, पण आत पूर्वेकडे उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही.

टाकी अजून मागवली नसेल तर मागवण्याआधी तीन गोष्टी कळवा: उपनगर, छताचा कोणता भाग कोणत्या पन्हळीला उतरतो याचा साधा नकाशा, आणि संडास किंवा धुण्याची खोली टाकीच्या जागेपासून किती लांब आहे. पाइप जमिनीखालून न्यायला अंगणातली फरशी उखडावी लागणार असेल, तर खर्चाचं गणित बदलतं. तसं असेल तर मी तुम्हाला टाकीऐवजी हिरवळ निम्मी करून स्थानिक झुडपं लावायला सांगेन.